एकास वीस



गोदाकाठच्या या पटांगणावर मी आजवर पुष्कळदा आलो आहे, पण श्रोता म्हणून. माझी जागा ठरलेली आहे. ती पलीकडची डावी पायरी. तेथे नदीवरचा वारा लागतो आणि व्याख्यान लांबले तर कोणास न दुखविता उठून जाता येते. व्याख्यात्याच्या जागेवरून हे पटांगण आज प्रथमच पाहतो आहे. चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, हा मनुष्य तीस वर्षे कामगार संघटनेत वावरतो, तेव्हा हा संप, करार, कंत्राटी पद्धत यांविषयी काही सांगेल. मी विषय कळविला, "द्रावणातील प्रमाण आणि त्याचे गणित." पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग विचारणा झाली, "हे रसायनशास्त्र ना?" मी म्हटले, "होय. पण आमच्या धंद्यातले."

मी रसायनशास्त्रज्ञ नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. दहावीच्या परीक्षेत मी शास्त्र विषयातच नापास झालो आणि त्या वर्षी सातपूरला हेल्पर म्हणून लागलो. पुढे जे काही शिकलो ते आपल्या सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांवर. १८४० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने माझ्यासारख्या कित्येक नापासांना पदरात घेतले आहे. येथे महाविद्यालयातील प्राध्यापक मंडळी बसलेली दिसतात. माझे चुकले तर त्यांनी मला तेथल्या तेथे थांबवावे.

मला हा विषय कसा चिकटला ते सांगतो. गोष्ट १९९८ सालची आहे. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. लेथवर किंवा ग्राइंडिंग मशीनवर लोखंड कापताना हत्यार तापते. ते थंड राहावे आणि काम गुळगुळीत व्हावे म्हणून त्यावर दुधासारखे पांढरे पाणी सतत सोडलेले असते. त्यास आम्ही कूलंट म्हणतो. पिंपातून एक तेल येते, ते पाण्यात मिसळले की पाणी पांढरे होते. शास्त्राच्या काटेकोर भाषेत हे द्रावण नव्हे, पायस आहे, दूध जसे पायस आहे तसे. पण प्रमाणाचे गणित दोहोंना एकच लागू पडते. पिंपावर लिहिलेले असे, "एकास वीस".

त्या उन्हाळ्यात आमच्या खात्यातील माणसांचे हात फुटू लागले. प्रथम बोटांच्या बेचक्यांत खाज, मग मनगटापर्यंत लाल चट्टे, मग भेगा. जेवताना भाजीचे तिखट त्या भेगांत जाई आणि माणसे डब्यात चमचा आणू लागली. ज्या माणसाने उभ्या जन्मात भाकरी चमच्याजवळ नेली नाही, त्याच्या डब्यात चमचा पाहिला की मला चमत्कारिक वाटे. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, कामगार हात नीट धूत नाहीत. आमचे म्हणणे असे की, कंपनीने स्वस्त तेल आणले आहे. मी स्वतः निवेदन लिहिले. त्यात "निकृष्ट दर्जाचे तेल" हे शब्द तीन वेळा आले होते. ते निवेदन माझ्या कपाटात अजून आहे, आणि ते चुकीचे होते. तेल तेच होते, दर वर्षीचे.

मग काय बदलले होते? हे मला घरी, जेवताना कळले. मला यायला उशीर झाला होता, आमटी पुन्हापुन्हा गरम करून आटली होती आणि खारट झाली होती. मी कुरकुरलो. मंडळींनी तांब्यातले गरम पाणी तीत ओतले, एक उकळी आणली आणि मला वाढले. आमटी पुन्हा बेताची झाली. आटलेल्या आमटीत कोणी आणखी आमटी ओतत नाही, पाणीच ओतते, कारण वाफ होऊन जे गेले ते पाणी. मीठ तेथेच राहिले. आणि आम्ही टाकीत काय करीत होतो? रोज सकाळी कूलंटची पातळी उतरलेली दिसे, आणि आम्ही इमानेइतबारे एकास वीस असे नवे मिश्रण करून त्यात भर घालीत होतो. म्हणजे आटलेल्या आमटीत आमटी.

ताट बाजूला सारून मी वही घेतली. टाकी दोनशे लिटरची. शेकडा पाचच्या हिशेबाने तीत तेल दहा लिटर. उन्हाळ्यात समजा रोज वीस लिटर पाणी उडून जाते. तेल उडत नाही, ते दहाच्या दहा राहिले. आता वीस लिटर नवे मिश्रण घातले. त्यात शेकडा पाचप्रमाणे एक लिटर तेल. टाकी पुन्हा दोनशेवर आली, पण तेल अकरा लिटर. दुसऱ्या दिवशी बारा. दहाव्या दिवशी वीस लिटर, म्हणजे शेकडा दहा. रोज भर घालणारा माणूस रोज बरोबर माप घेत होता, तरी दहा दिवसांत टाकी दुप्पट तिखट झाली! पाऊसकाळात वाफ कमी होते, म्हणून हात उन्हाळ्यातच फुटत होते. अर्थात लोखंडाच्या किसाबरोबर व निघणाऱ्या मालाबरोबर थोडे कूलंट बाहेर जाते आणि त्याच्याबरोबर तेलही जाते. म्हणून खरा आकडा दहापेक्षा काही कमीच निघणार, हे मला तेव्हाही कळत होते. पण तो किती कमी, हे मोजल्यावाचून कसे सांगणार?

येथे नाशिक जिल्ह्याचे उपकार आठवतात. माझ्या मेहुण्यांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. द्राक्षात साखर किती भरली ते पाहण्यासाठी बागाईतदार एक लहानशी नळी वापरतात. तिच्या काचेवर रसाचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून पाहायचे. आत निळ्या व पांढऱ्या रंगांमधील रेष ज्या आकड्यावर दिसेल तो ब्रिक्स. त्या उपकरणाचे नाव रिफ्रॅक्टोमीटर. पाण्यात काही विरघळले की उजेड पाण्यातून जाताना अधिक वाकतो, एवढ्या एका तत्त्वावर ते चालते; ती साखर आहे की तेल आहे याची चौकशी ते करीत नाही. मी ते मागून आणले. पण आकडा साखरेचा, मला हवे तेलाचे. तेव्हा घरीच दोन नमुने केले. एका पेल्यात पाच मिलिलिटर तेल व पंचाण्णव पाणी, दुसऱ्यात दहा तेल व नव्वद पाणी. मापासाठी औषधाच्या दुकानातील सिरिंज. या दोन्ही नमुन्यांची रेष कोठे पडते ते लिहून ठेवले आणि मग टाकीचा थेंब पाहिला. रेष जराशी धूसर होती, मशीनचे इतर तेल मिसळल्याने ती तशी होते. पण ती पाचाच्या नमुन्यापासून फार दूर आणि दहाच्या अगदी जवळ पडली. मी हिशेब केला तो शेकडा नऊच्या आसपास आला.

वाटाघाटीच्या बैठकीत मी घोषणा दिली नाही, वही पुढे केली. समोर एक तरुण इंजिनियर होते. त्यांनी गणित दोनदा पाहिले आणि म्हणाले, "हे बरोबर आहे. हे आमच्या लक्षात यायला हवे होते." त्यांच्या जागी दुसरा असता तर मान्य करता ना. त्या महिन्यापासून प्रत्येक टाकीचे रोज माप होऊ लागले. भर घालताना एकास वीस नव्हे, तर आलेल्या आकड्याप्रमाणे साधे पाणी किंवा अगदी पातळ मिश्रण घालावयाचे असे ठरले. भिंतीवर मराठीत तक्ता लागला. बहुतेकांचे हात दोन-तीन महिन्यांत भरून आले. एकाचे आले नाहीत. कातडीला एकदा अशी ओळख पटली की मग थोडेसेही सोसत नाही. त्याला पॅकिंग खात्यात बदलून घ्यावे लागले आणि तेथे त्याचा भत्ता गेला. तो भत्ता मिळवायला मला आणखी दोन वर्षे लागली. ते व्याख्यान निराळे.

आता "एकास वीस" या शब्दांकडे वळू. याचे दोन अर्थ होतात. एक भाग तेल आणि वीस भाग पाणी, असे घेतले तर एकूण एकवीस भाग झाले आणि तेलाचे प्रमाण शेकडा ४.७६ आले. एकूण वीस भागांत एक भाग तेल, असे घेतले तर शेकडा पाच. येथे फरक क्षुल्लक आहे, कोणाचे काही बिघडत नाही. पण हीच भाषा "एकास चार" अशी आली की पाहा. एक भाग औषध व चार भाग पाणी म्हणजे शेकडा वीस. चारांत एक म्हणजे शेकडा पंचवीस. आणि "एकास एक" म्हटले तर दुसऱ्या अर्थाने पाणी घालायलाच नको! २०२० साली करोनाच्या काळात सफाई कामगारांच्या हाती सोडियम हायपोक्लोराइटचे कॅन आले तेव्हा हाच घोळ आम्ही पाहिला. कॅनमध्ये शेकडा पाच. फरशीसाठी हवे शेकडा एक. पाचपट पातळ करा, असे सांगितले गेले. कोणी एक मग औषधात पाच मग पाणी घातले, ते झाले शेकडा ०.८३. बरोबर होते चार मग. कोणी विचार केला, जास्त असलेले बरे, आणि तसेच ओतले. त्याचे डोळे व घसा दोन दिवस जळत होते. माणसांच्या अंगावर हे द्रव्य फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला त्या वर्षी एप्रिलमध्ये मुद्दाम सांगावे लागले. जाता जाता गृहिणींसाठी एक गोष्ट सांगतो. संडास धुण्याच्या ॲसिडात हे द्रव्य किंवा ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका. क्लोरिन वायू सुटतो, आणि न्हाणीघराची खिडकी लहान असते.

पातळ करण्याचे सारे गणित एका ओळीत मावते. पाणी घातल्याने आतील द्रव्य वाढत नाही की घटत नाही. म्हणून आधीची तीव्रता गुणिले आधीचे माप, बरोबर नंतरची तीव्रता गुणिले नंतरचे माप. शाळेतले त्रैराशिकच, पण व्यस्त. मला शेकडा पाचच्या द्रवापासून दहा लिटर शेकडा एकचे हवे आहे. दहा गुणिले एक म्हणजे दहा; दहा भागिले पाच म्हणजे दोन. दोन लिटर औषध घ्या आणि एकूण दहा लिटर होईपर्यंत पाणी घाला. "दहा लिटर पाणी घाला" नव्हे, "दहा लिटर होईपर्यंत घाला". माझ्या अनुभवात जितक्या चुका होतात त्यांतील निम्म्या या एका वाक्याच्या आहेत.

राहिलेल्या निम्म्या "शेकडा" या शब्दात दडलेल्या असतात. शेकडा कशाचे? वजनाचे की मापाचे? पाणी आणि दूध यांत फारसा फरक पडत नाही, कारण लिटरभर पाण्याचे वजन किलोभर असते. पण गंधकाम्ल घ्या. मोटारीच्या बॅटरीत ते असते. बॅटरीतील अम्ल वजनाने सुमारे शेकडा ३७ असते आणि पाण्याच्या १.२८ पट जड असते. पिंपातील तीव्र अम्ल वजनाने शेकडा ९८ आणि १.८४ पट जड. आता लिटरभर बॅटरीचे अम्ल करावयाचे आहे. त्याचे वजन १२८० ग्रॅम. त्याचा शेकडा ३७ म्हणजे सुमारे ४७४ ग्रॅम शुद्ध अम्ल. तीव्र अम्लाच्या एका लिटरमध्ये शुद्ध अम्ल असते सुमारे १८०३ ग्रॅम. म्हणजे आपणांस लागले केवळ २६३ मिलिलिटर. शेकडा ३७ या शब्दावर विश्वासून जो ३७० मिलिलिटर ओतील, तो दीडपटीहून थोडा कमी इतका तीव्र द्राव करून ठेवील. आणखी एक मौज पाहा. या २६३ मिलिलिटरबरोबर पाणी लागते सुमारे ७९६ ग्रॅम. दोहोंची बेरीज होते १०५९ मिलिलिटर, पण मिश्रण भरते एक लिटरच! वजनांची बेरीज कधी चुकत नाही, मापांची चुकते. अम्लाचे व पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट बिलगतात आणि जागा कमी लागते.

ते बिलगताना उष्णता बाहेर पडते, आणि तेथेच धोका आहे. एका लहान प्लेटिंगच्या शेडमधील प्रसंग सांगतो. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, कामावर येऊन पंधरा दिवस झालेले. त्याला सांगितले, अम्ल पातळ कर. त्याने बादलीत अम्ल घेतले आणि वरून पाण्याची बादली उपडी केली. हलके पाणी जड अम्लावर तरंगते, जेथे दोन्ही भेटतात तेथे पाणी क्षणात उकळते आणि अम्ल घेऊन उडते. त्याचा उजवा डोळा गेला. उलट अम्ल थोडे थोडे, ढवळीत ढवळीत पाण्यात सोडले असते तर उष्णता साऱ्या पाण्यात वाटली गेली असती. मालक वाईट नव्हता, दवाखान्यात तोही रडला. मी त्याला विचारले, "पोराला सांगितले होते का?" तो म्हणाला, "भाऊ, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असते." कोणाला ठाऊक असते? त्या पोराचे गाव सुरगाण्याकडे. तेथे त्याने गंधकाम्ल कोठे पाहावे?

रसायनशास्त्रज्ञ शेकड्यावर थांबत नाहीत, ते मोल मोजतात. मोल म्हणजे डझनासारखा एक आकडा, मात्र अफाट मोठा. सहाच्या पुढे तेवीस शून्ये येतील एवढा. फळवाला केळी डझनावर विकतो, कारण गिऱ्हाइकास केळी हवी असतात, वजन नव्हे. तसेच रेणू एकमेकांना वजनाने भेटत नाहीत, संख्येने भेटतात. ९८ ग्रॅम गंधकाम्ल निवविण्यास ८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, किंवा ७४ ग्रॅम भिजवलेला चुना. हे आकडे असे वेडेवाकडे का, याचे उत्तर मोलमध्ये आहे. सांडलेले अम्ल निवविण्यासाठी कारखान्यात चुना किती ठेवावा, एवढ्यापुरता मला मोल लागतो. याहून अधिक सांगण्याचा अधिकार माझा नाही. प्राध्यापक मंडळी समोर आहेत.

द्राक्षबागेकडे पुन्हा जाऊ. दिंडोरी-निफाडचा शेतकरी पीपीएम हा शब्द आपल्या बैलाच्या नावासारखा उच्चारतो. दहा लाख भागांत एक भाग, तो एक पीपीएम. शंभर लिटर पाणी म्हणजे एक लाख ग्रॅम. त्यात एक ग्रॅम जिबरेलिक ॲसिड म्हणजे दहा पीपीएम. घड लांबावा म्हणून दहा, पुढे मणी फुगावा म्हणून चाळीस. म्हणजे शंभर लिटरला चार ग्रॅम. सोनाराच्या काट्याचे काम आहे हे, आणि बाया मगमध्ये एकेक घड बुडवीत ते करतात. या सूक्ष्म आकड्यांचा तडाखा २०१० साली साऱ्या जिल्ह्याने सोसला. युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला. तेथील मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे किती? वीस टन द्राक्षांत सगळा मिळून एक ग्रॅम! माल अडकला, पैसे बुडाले.

निर्यातदाराच्या नुकसानीची बातमी होते. मला दुसऱ्याच एका प्रमाणाविषयी बोलावयाचे आहे, त्याची बातमी होत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. बाटलीतील द्रव सुमारे शेकडा पन्नास असतो. सल्ला देणारा लिहून देतो, "शेकडा दोन." आता हे शेकडा दोन बाटलीतील द्रवाचे की आतील खऱ्या द्रव्याचे? द्रवाचे धरले तर लिटरला वीस मिलिलिटर. द्रव्याचे धरले तर ढोबळमानाने चाळीस. दुप्पट फरक! मालक हा हिशेब शेजाऱ्याला विचारून सोडवितो. लावणारी माणसे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकहून टोळीने आलेली. हातात कापडाचा बोळा किंवा स्पंज, बादलीत बुडवायचा आणि डोळ्यांवर पुसत जायचे. हातमोजे असले तर असले. हे द्रव्य अंगात गेलेले असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो. दारू कामाच्या आदल्या दिवशी घेतली तरी चालत नाही आणि नंतरही काही दिवस नाही. बाटलीवर हे लिहिलेले असते, पण बाटली मालकाच्या घरात आणि बादली मजुराच्या हातात. दिवसभर थकलेला माणूस रात्री दोन घोट घेतो आणि तडफडू लागतो. लोक म्हणतात, दारू बाधली. मी दारूचा कैवारी नाही, पण त्या रात्री बाधले ते दारू एकटी नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या घरात माणसे गेली. तेथे कारणे अनेक होती, पण बादलीत काय आहे आणि किती आहे हे बादली धरणाऱ्याला न कळणे, हे त्यांतले एक होते.

१९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात एक नवे प्रकरण घातले गेले. ज्या द्रव्याशी कामगाराचा संबंध येतो त्याच्या धोक्याची माहिती त्याला देणे व्यवस्थापनास बंधनकारक झाले. एवढ्या मृत्यूंनंतर मिळालेले ते कलम. पण द्राक्षबाग हा कारखाना नव्हे, आणि टोळीतल्या मजुराच्या वाट्याला ते कलम आले नाही.

शेवटी, ज्या नदीच्या काठी बसलो आहोत तिच्याविषयी. "नदीत सोडले की पातळ होऊन जाते", हे वाक्य मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. प्लेटिंगच्या धुण्याच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम असते, पिवळे, विषारी, कर्करोगास कारण होणारे. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असा नियम आहे. समजा हजार लिटरच्या टाकीत लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एकूण क्रोमियम ५० ग्रॅम, एक मूठही नव्हे. नियमात बसण्यासाठी ते पाचशेपट पातळ करावे लागेल. हजार लिटरचे पाच लाख लिटर. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. येवला-नांदगावकडचा कोणी येथे असेल तर त्याला पन्नास टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. बरे, इतके चांगले पाणी नासवून कागदावर आकडा बसला, तरी नासर्डीत गेलेले क्रोमियम किती? पन्नास ग्रॅम. पाणी घातल्याने आतील द्रव्य घटत नाही, ही तीच ओळ. ते खरेच कमी करावयाचे तर अम्लात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून त्याचे रूप बदलावे लागते, मग चुना घालून ते गाळाच्या रूपाने खाली बसवावे लागते, आणि तो गाळ नीट ठिकाणी पोचवावा लागतो. याला पैसे लागतात. पाण्याचा नळ स्वस्त पडतो. म्हणून नमुना घेणारा अधिकारी आला की मी संघटनेच्या पोरांना सांगतो, त्यांना विचारा, नमुना धुण्याच्या टाकीतून घेतला की कॅन्टीनचे पाणी जेथे मिसळते त्याच्या पुढे घेतला? आकडा सांगणाऱ्याला नेहमी "कोठला?" असे विचारावे.

कालच्या रविवारी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, अंबडच्या एका शेडमध्ये डिग्रीसिंगच्या टाकीवर असतात. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला; पिंपावरील लेबल भिजवून सोडवून आणले होते. त्यावर सारे इंग्रजीत. त्यांना एवढेच हवे होते की, दीडशे लिटरच्या टाकीत पावडरीचे किती डबे पडायला हवेत. डबा कितीचा ते त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही घरच्या काट्यावर रिकामा डबा, मग भरलेला डबा, असे वजन केले. सातशे वीस ग्रॅम. लेबलावर लिटरला तीस ग्रॅम. दीडशे लिटरला साडेचार किलो, म्हणजे सव्वासहा डबे. त्या रोज दहा टाकीत होत्या. सांगणाऱ्याने दहा सांगितले होते. त्या कागद घडी घालून घेऊन गेल्या.

या सभेत कोणाजवळ असे लेबल, असा डबा, असा "एकास अमुक" असेल तर घेऊन या. व्याख्यानमाला संपेपर्यंत मी रोज त्या डाव्या पायरीजवळ असतो. वही माझ्याजवळ आहे, आणि वजनाचा काटा मी उद्यापासून आणीन.